लिव्हरचा पेशंट घरी असला की पैसा नेमका कुठे कुठे जातो? (विदर्भातल्या खेड्यांसाठी धागा)

नदीकाठ (वर्धा)

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करते. रेशनकार्डावर नाव नाही, योजनेचा कागद अडला, रक्ताची पिशवी हवी, गावी परतायला तिकिटाचे पैसे नाहीत, अशी सगळी कामं आमच्या टेबलावर येतात. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल इथे लिहीन ते वॉर्डात रोज ऐकून माहीत झालेलं आहे, त्यामुळे आपापल्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जावं.

सिरोसिसचा, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत गेलेला, पेशंट दुसऱ्यांदा भरती झाला की आजूबाजूचे सगळे म्हणतात, "पुन्हा प्यायला असेल", नाहीतर "गोळ्या सोडल्या असतील". कधीकधी ते खरंही असतं. पण गोळ्या का सुटल्या हे शांतपणे विचारलं की वेगळंच ऐकायला मिळतं. वेचणी चालू होती. सोबत यायला कोणी नव्हतं. मागच्या वेळी सोनोग्राफीची तारीख पुढची मिळाली, त्या दिवशी गाडीच चुकली. औषधाची बाटली संपली होती आणि तालुक्याच्या मेडिकलवाल्याकडे उधारी आधीच चढलेली होती.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पूर्वी ही मर्यादा दीड लाख होती. या योजनेमुळे माणसं वाचलेली मी पाहते, त्यामुळे तिच्याबद्दल मनात आदर आहे. पण तिचा मुख्य आधार मिळतो तो भरती झाल्यावर. पोटात पाणी भरलं, रक्ताची उलटी झाली, दाखल केलं, की ती कामाला येते. सिरोसिसचा माणूस मात्र वर्षातला बहुतेक काळ घरीच असतो, आणि त्याचं बरंवाईट तिथेच ठरतं.

घरी काय लागतं ते पाहा. लघवीवाटे पाणी उतरवणारी स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्रुसेमाइड, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांवरचा दाब कमी ठेवणारी प्रोप्रॅनोलॉल. या गोळ्या त्या मानाने स्वस्त आहेत. घर अडतं ते लॅक्टुलोजच्या बाटलीवर. शौचाला दिवसातून दोन-तीन वेळा मऊ व्हावं इतकं ते औषध द्यायचं असतं, म्हणजे आतड्यात तयार होणारा अमोनिया बाहेर पडतो आणि मेंदूवर चढत नाही. बाटली जास्त दिवस पुरावी म्हणून घरचे अर्धंच देतात. मग पोट साफ होत नाही, माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलायला लागतो आणि पुन्हा भरती होतो. त्या भरतीचा खर्च योजना देते. तो टाळू शकली असती ती बाटली मात्र घरच्यांनाच आणायची असते.

वर प्रत्येक तपासणीला एक माणूस सोबत. पाणी भरलेल्या पोटाचा किंवा भ्रम झालेला पेशंट एकट्याने एसटीत बसवता येत नाही. म्हणजे एका तारखेला दोघांची मजुरी बुडाली. रोजगार हमीची मजुरी 2025-26 मध्ये महाराष्ट्रात 312 रुपये होती. ती जरी धरली तरी घरात येणारे 624 रुपये गेले, तिकीट आणि जेवण वेगळं. रक्त तपासणी आज, सोनोग्राफी परवा, एंडोस्कोपी पुढच्या आठवड्यात असं झालं की हिशेब तुम्हीच करा.

तुमच्या घरी किंवा गावात कोणी असेल तर लिहा. पैसा कुठे गेला तेही लिहा आणि काय उपयोगी पडलं तेही. मला हे कामासाठी हवं आहे आणि इतर वाचणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

कोरडवाहू (यवतमाळ)

ताई, बरं झालं धागा काढला. माह्या मोठ्या भावाले सिरोसिस आहे. चार एकर कोरडवाहू, कापूस आन् तूर.

तुम्ही भरतीनंतरचा खर्च लिहिला. आमचा पैसा त्याच्या आधीच गेला. आजाराचं नाव समजेपर्यंतच घर खाली झालं. सुरुवातीले पाय सुजत होते, भूक मेली होती. गावात येणाऱ्या डॉक्टरनं सलाईन लावली, अंगदुखीचं इंजेक्शन देल्लं. दोन दिवस बरं वाटे, मग पुन्हा तेच. मग तालुक्याले खाजगीत. तिथं सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, ताकदीच्या बाटल्या. मग जिल्ह्याले. योजनेत घ्यायचं तर आधी निदान पाहिजे, आन् निदानासाठी लागणारा पैसा आपल्याच खिशातला. सरकारी दवाखान्यात आधीच गेलो असतो तं वाचला असता, पण तिथं दिवसभर रांग लागते म्हणून कोणी जात नाही. कामाच्या दिवसात तं नाहीच.

आन् एक गोष्ट. आमच्याकडं माणूस वावरात जाऊन राहिला तोवर त्याले बिमार कोणी म्हणत नाही. भाऊ डवरणी करून राहिला होता तेव्हाच त्याचे डोळे पिवळे होते.

कर्जाचं सांगतो. पीककर्ज आधीच थकलेलं, म्हणून बँक दारात उभी करत नव्हती. वहिनीच्या बचत गटातून घेतलं, मग एका फायनान्सवाल्याकडून घेतलं, त्याचा हप्ता आठवड्याले. पेशंट दवाखान्यात असो का घरी, हप्ता थांबत नाही. आता वहिनी दुसऱ्याच्या वावरात जाते आन् भाऊ घरी एकटा असतो. गोळी घेतली का नाही हे पाहाले कोणी नाही.

स्पष्ट_सांगतो

कोणाला वाईट वाटलं तर माफ करा, पण लिहितो. माझ्या वडिलांनी दारूत तीन एकर विकली. आईने आयुष्यभर मार खाल्ला. शेवटी लिव्हर गेलं तेव्हा तिनेच त्यांचं सगळं केलं. ज्याने हे स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं त्याच्यावर सरकारने खर्च करावा आणि ज्याला काही दोष नसताना कॅन्सर झाला तो रांगेत उभा राहावा, हे मला पटत नाही.

नदीकाठ (वर्धा)

स्पष्ट_सांगतो, तुमच्या आईने जे सोसलं त्यासमोर माझ्याकडे काही शब्द नाहीत. तुमचा राग मला समजतो.

तरी दोन गोष्टी सांगते. आमच्या वॉर्डात सिरोसिसचे सगळे दारूचे नसतात. हिपॅटायटिस बी आणि सी आहे, साखरेच्या आजारासोबत येणारं फॅटी लिव्हर आहे, शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते असा आजार आहे, तो बायकांत जास्त दिसतो. या सगळ्यांना तोच शिक्का बसतो आणि त्याच भीतीने ते उशिरा येतात.

दुसरं म्हणजे, जे पीत होते त्यांचं यकृतही दारू थांबली की सावरू शकतं. पोटात पाणी होऊन आलेला माणूस वर्षभर दारूपासून लांब राहिला की पाणी उतरलेलं, चालत तपासणीला आलेला मी पाहिला आहे. त्याच्या बायकोला आणि पोरांना तो माणूस हवा असतो. खर्च त्यांच्यासाठी आहे असं मी मानते.

अंबाडी (अमरावती)

शिक्क्याबद्दल लिहायलाच हवं होतं. माझ्या आईने आयुष्यात दारूचा वाससुद्धा घेतला नाही. तिला हिपॅटायटिस सी निघालं, तोपर्यंत सिरोसिस झालेला होता. फार वर्षांपूर्वी तिला बाळंतपणात रक्त चढवलं होतं, डॉक्टरांच्या मते तिथून आलं असावं, पण आता नक्की कोण सांगणार. गावात मात्र बायका मलाच विचारायच्या, "घरात कोण देत होतं गं तिला?"

आईला त्या प्रश्नाचा आजारापेक्षा जास्त त्रास झाला. हळदीकुंकवाला जाणं तिने बंद केलं. माझ्या मामीने तिचं ताट-पेला वेगळा ठेवला. हिपॅटायटिस बी आणि सी एकत्र जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने किंवा मांडीवर नात घेतल्याने पसरत नाही. ते रक्तातून पसरतं, बी हे शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातं. हे मामीला समजावण्यात माझी एक दिवाळी गेली, पण समजावलं.

चांगली बातमीही सांगते. सीची औषधं फुकट मिळाली. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत. सिरोसिस नसेल तर साधारण 12 आठवड्यांचा कोर्स असतो, सिरोसिस असेल तर डॉक्टर औषध किंवा मुदत बदलतात. शंभरातल्या 95 हून जास्त लोकांचा विषाणू यात जातो. आईचाही गेला.

मात्र विषाणू गेला म्हणजे सिरोसिस गेला असं होत नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावीच लागते, कारण सिरोसिस झालेल्या यकृतात कॅन्सर होण्याचा धोका राहतो. आमच्या ओळखीच्या एकांनी "रिपोर्ट निगेटिव्ह आला" म्हणून जाणंच सोडलं. तसं कोणी करू नका.

मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा आम्हाला खरंच फार उपयोग झाला. आई आणि मी दोघी मिळून एकाच पूर्ण तिकिटाच्या पैशात जातो.

टेस्टट्यूब

मी लॅब टेक्निशियन आहे. हिपॅटायटिस बीबद्दल थोडक्यात लिहितो.

बी असलेले पुष्कळ जण रक्तदान शिबिरात किंवा बाळंतपणाच्या तपासणीत सापडतात. त्यांना काहीच होत नसतं, म्हणून ते परत येत नाहीत. प्रत्येकाला औषध लागत नाही, पण प्रत्येकाला वर्षातून ठरावीक वेळा तपासणी लागते. गरज असेल त्यांना टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर वर्षानुवर्षं घ्यावी लागते, तीही वरच्याच कार्यक्रमात मोफत. मनाने बंद केली तर आजार एकदम उसळतो.

घरच्यांची तपासणी करून लस टोचून घ्या. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत बीची लस मिळाली पाहिजे. देशभरातल्या नियमित लसीकरणात बीची लस 2011 पासून आहे, त्यामुळे आज पंचविशी-तिशीत असलेल्या पुष्कळ जणांना ती मिळालेलीच नाही.

आणि लग्नाचं. रिपोर्ट घेऊन मुलीचे वडील येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "हे कोणाला कळेल का?" मुलाने लसीचे सगळे डोस घेतले की त्याला धोका जवळजवळ उरत नाही. हे दोन्ही घरांना समोर बसवून सांगणारा माणूस तालुक्याच्या पातळीवर पाहिजे. आमच्या खिडकीतून ते नीट होत नाही.

आशाताई_वणी

मी आशा सेविका आहे. आमच्याकडं टीबीचं रजिस्टर आहे, बीपी-शुगरचा फॉर्म आहे, गरोदर मायचं तं आहेच. 2021 साली केंद्रानं फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात घेतलं. पण गावात फिरताना लिव्हरच्या पेशंटची वेगळी नोंद मले करता येत नाही. टीबीच्या पेशंटच्या घरी मी गोळ्या पाहाले जाते, सिरोसिसच्या घरी जायचं कारणच नाही माह्या कागदावर. तरी जाते.

डोळे पिवळे झाले का लोक पहिले कावीळ उतरवणाऱ्याकडं जातात. गळ्यात माळ घालते, ती लांबत जाते म्हणजे कावीळ उतरत आहे म्हणे. चुन्याच्या पाण्यात हात धुतले का पाणी पिवळं होते. साधी कावीळ असली तं ती आपोआप बरी होते आन् नाव त्याचं होते. पण लिव्हर आधीच बिघडलेलं असलं तं त्यात महिना दोन महिने जातात. झाडपाल्याचा काढा तं घेऊच नका. साधी गुळवेल जास्त दिवस घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली नोंदवले आहेत.

भ्रम झाला का म्हणतात बाहेरची बाधा झाली. एक माणूस रात्री उठून कुलूप शोधे, बायकोले ओळखे नाही. घरच्यांनी देवऋषी आणला. मी 108 बोलावली. तथी दोनच दिवसांत शुद्धीवर आला, पोट साफ झालं आन् इन्फेक्शनचं औषध भेटलं म्हणून. तेव्हापासून मी प्रत्येक घरी सांगते, लिव्हरचा माणूस वेगळा वागू लागला, हात थरथरू लागले, का गाडी बोलवा. रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तरी तेच.

सिरोंचा_रोड (गडचिरोली)

आमच्या भागात हे सगळं आहेच, वर अंतर आहे. सिरोंच्याहून गडचिरोली 200 किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद. रक्ताची उलटी झालेल्या माणसाच्या शिरांना एंडोस्कोपीतून बँड लावायचे असतात, आणि ती सोय ग्रामीण रुग्णालयात नसते.

आणखी एक गोष्ट फक्त आमच्याकडे येते असं नाही, पण आमच्याकडे जास्त येते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पोरांचे डोळे पिवळे असतात, त्यांना लिव्हरचा पेशंट समजून काढे पाजले जातात. उलट, सिकलसेल असलेल्याला वारंवार रक्त चढवल्यामुळे यकृतात लोह साठून खरंच इजा होऊ शकते. दोन्ही तपासून घ्यावं लागतं.

दारूबंदीचा विषय निघेलच म्हणून आधीच सांगतो. आमचा जिल्हा 1993 पासून बंद आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि गावोगावच्या बायकांनी ते घडवलं. दारू मिळत नाही असं मी म्हणणार नाही. पण 2016 पासून व्यसन सोडवणाऱ्या मुक्तिपथचं काम तालुक्यांत आहे, गावात शिबिर लागतं, सोडायची इच्छा असलेल्याला जवळ जागा मिळते. माझ्या काकाची तिथूनच सुटली.

चांदा_फोर्ट (चंद्रपूर)

मी दोन्ही पाहिलं. आमच्याकडे 1 एप्रिल 2015 ला बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. बंदीत पिणारे बरेच कमी झाले, रस्त्यावरचा त्रास तर नक्कीच कमी झाला. पण ज्यांची सुटली नाही त्यांच्या घराचा पैसा जास्त गेला, कारण चोरून येणारी बाटली महाग. आणि पेशंट दवाखान्यात खरं बोलत नव्हता. दारू पितो म्हटलं तर पोलिसात नाव जाईल अशी भीती. डॉक्टर विचारतात, तो "कधीतरी" म्हणतो, आणि उपचार चुकीच्या दिशेने जातात.

स्पष्ट_सांगतो

चांदा_फोर्ट, तरीही बंदी हवीच असं माझं मत आहे. माझ्या आईला विचारा. दुकान गावात असतं तर आमची उरलेली जमीनही गेली असती. गावातलं दुकान बंद करायला बायकांचं मतदान घेता येतं, एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीला, मत दिलं तर दुकान बंद होतं. आमच्या गावात बायकांनी ते करून दाखवलं आहे.

नदीकाठ ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. वर्षभर न पिता चालत आलेला माणूस. आमच्या घरी तशी संधी आम्हाला कोणी सांगितलीच नाही. डॉक्टरांनी "सोडा" म्हटलं आणि चिठ्ठी दिली. कशी सोडायची ते कोणी बोललं नाही.

नदीकाठ (वर्धा)

हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. "सोडा" म्हणून पाठवणं हा अर्धाच उपचार झाला. वर्धा जिल्हा तर 1975 पासून दारूबंदीचा आहे, तरी दारूमुळे यकृत गेलेले पेशंट आम्ही पाहतोच. व्यसनमुक्तीचा डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी आणि पेशंट 60-70 किलोमीटरवर, अशी स्थिती बऱ्याच ठिकाणी आहे. 14416 हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलतात, फुकट आहे, निदान सुरुवात तिथून करता येते.

रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात घरीच बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हातपाय कापतात, भास होतात, झटकेही येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हायला हवं.

आणि कृपा करून "न सांगता दारू सोडवा" अशा भिंतीवरच्या आणि पेपरातल्या जाहिराती बघून जेवणातून पूड देऊ नका. त्यांत डायसल्फिराम असू शकतं. वर दारू पोटात गेली तर माणसाचा रक्तदाब कोसळतो, आणि आधीच बिघडलेल्या यकृताला ते औषध स्वतःच घातक आहे. हे करणाऱ्या बायका हताश झालेल्या असतात, मी त्यांना दोष देत नाही. त्यांना दुसरा रस्ता दाखवायला हवा.

वरण_भाकर

मी आहारतज्ज्ञ आहे, अमरावती विभागात काम करते. खाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहिते, कारण गैरसमज सगळ्यात जास्त इथेच आहेत.

गावात सिरोसिसच्या पेशंटला डाळ, अंडं, दूध बंद करतात. "लिव्हरला जड" म्हणून उकडलेला भात, मुरमुरे, ग्लुकोजचं पाणी आणि उसाचा रस. पूर्वी काही डॉक्टरही प्रथिनं कमी करायला सांगत. आता सांगतात ते बरोबर उलट आहे. सिरोसिसमध्ये स्नायू झिजतात, आणि जितके स्नायू झिजतील तितका अमोनियाचा त्रास वाढतो, कारण यकृत थकलं की अमोनिया निकामी करण्याचं बरंचसं काम स्नायूच करतात. दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. 50 किलोच्या माणसाला 60 ते 75 ग्रॅम.

आता हे खेड्यातल्या मजुराच्या ताटात कुठून आणायचं? रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. पोट त्याने भरतं, डाळ त्यात नसते. आपल्याकडे तूर पिकते, पण हप्ते फेडायला ती मार्चआधीच व्यापाऱ्याकडे जाते आणि नंतर तीच डाळ दुकानातून किलो-अर्धा किलो विकत आणावी लागते. सोयाबीन तर घरोघरी पिकतं आणि ताटात कधीच दिसत नाही.

मी पेशंटला असं सांगते. पातळ वरण घट्ट करा, 100 ग्रॅम तूरडाळीत साधारण 22 ग्रॅम प्रथिनं आहेत. एका अंड्यात 6. शेंगदाण्याचं कूट भाजीत घाला, 100 ग्रॅममध्ये 25 च्या आसपास. घरच्या सोयाबीनपैकी पायलीभर बाजूला ठेवा, भाजून ज्वारीच्या पिठात थोडं दळून घ्या. सोयावड्या दुकानात स्वस्त मिळतात. झुणका चालतो, पाटवडी चालते.

मीठ कमी हवं, आणि हे आपल्याकडे सगळ्यात अवघड आहे, कारण भाजी नसली की भाकर ठेच्यासोबत किंवा लोणच्यासोबत खाल्ली जाते. ज्या घरात भाजीला पैसे नाहीत तिथे मीठ जास्तच जाणार. लिंबू, कांदा, लसूण, जवसाची बिनमिठाची चटणी यावर भागवता येतं. पापड, लोणचं, फरसाण बंद. मीठ कमी केलं की पाणी उतरवायच्या गोळ्याही नीट काम करतात.

तिसरं, उपाशी राहायचं नाही. सिरोसिसच्या माणसाचं शरीर एका रात्रीच्या उपासातच स्नायू मोडायला लागतं. म्हणून झोपण्याआधी थोडं खायचंच, अर्धी भाकर आणि दूध, नाहीतर मूठभर फुटाणे आणि गूळ. साखरेचा आजार असेल तर गूळ वगळा. बायका पेशंट असल्या की चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार सुटत नाहीत. मी त्यांना सांगते, या वर्षी देवाला नमस्कार करा आणि जेवा. सासूने होकार दिला की बाई ऐकते, म्हणून मी सासूलाच बोलावून घेते.

घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी बाई पेशंट असली तर हे सगळं सांगूनही उपयोग होत नाही. तिच्या वाट्याला तळाचं पातळ वरण येतं. हे मी प्रत्येक वेळी नवऱ्यासमोर बोलते.

कोरडवाहू (यवतमाळ)

वरण_भाकर ताई, भावाचं वरण आम्हीच बंद केलं होतं, लोकांनी सांगतलं म्हणून. आजच वहिनीले फोन केला.

नदीकाठ ताई, डॉक्टर म्हणाले पुढं लिव्हर बदलायचा विषय येऊ शकते. आमच्यासारख्यानं त्याचा विचार तरी करावा का?

नदीकाठ (वर्धा)

विचार नक्की करा, पण सगळं समजून घेऊन. नागपुरात यकृत प्रत्यारोपण 2018 पासून होतं, मुंबई-पुण्याला जायलाच हवं असं राहिलं नाही. यकृत मेंदूमृत दात्याकडून मिळतं, त्यासाठी नाव नोंदवून थांबावं लागतं. किंवा घरचं कोणी आपल्या यकृताचा भाग देतं, तो पुन्हा बराचसा वाढतो. खर्च लाखांत जातो. मुख्यमंत्री सहायता निधीच्या आजारांच्या यादीत यकृत प्रत्यारोपण आहे, अर्जाला मदत आमच्यासारखे विभाग करतात. पण तो निधी पूर्ण खर्च भागवत नाही, उरलेले पैसे संस्थांकडून उभे करावे लागतात. शस्त्रक्रियेनंतरच्या गोळ्या जन्मभर असतात आणि नियमित तपासणीही. ज्या घरात आज लॅक्टुलोज पुरत नाही त्या घराने हे आधीच मोजलं पाहिजे.

घरातला दाता म्हणून बहुतेक वेळा पुढे येते ती बायको, आई किंवा बहीण. तिला एकटीला बसवून विचारा, तिची खरंच तयारी आहे का, की घराने ठरवून टाकलं आहे. नंतर काही आठवडे तिलाही जड काम करता येत नाही, म्हणजे घराची दुसरी मजुरीही थांबली.

तुमचा भाऊ आज त्या टप्प्यावर आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. औषध, खाणं आणि दारूपासून लांब राहणं नीट जमलं तर अनेकांना ती वेळ येत नाही किंवा खूप लांबते.

अंबाडी (अमरावती)

एक विचारायचं होतं. सिकलसेल आणि डायलिसिसच्या पेशंटना एसटी मोफत आहे ना? मग लिव्हरवाल्यांना का नाही?

नदीकाठ (वर्धा)

सिकलसेल, डायलिसिस, हिमोफिलिया आणि एचआयव्हीच्या पेशंटना आहे. त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली म्हणून ते झालं. लिव्हरचे पेशंट एकत्र येतच नाहीत, कारण पुढे येऊन "मी लिव्हरचा पेशंट" म्हणायला प्रत्येकाला लाज वाटते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत सिकलसेल आहे, सिरोसिस नाही. पोटात पाणी भरून वर्षानुवर्षं काम न करू शकणाऱ्या माणसाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही, आणि त्यावर मिळणारं काहीच मिळत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते संधी मिळेल तिथे लिहिते.

संजय गांधी निराधार योजनेच्या निकषांत क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग यांसारख्या दुर्धर आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणारे लोक येतात. यकृताचं नाव तिथे लिहिलेलं नाही, म्हणून तहसीलला अर्ज करताना वैद्यकीय प्रमाणपत्रावर "आजारामुळे कष्टाचं काम करू शकत नाही" हे स्पष्ट लिहून घ्या. काही अर्ज त्यावर मंजूर होतात. अनुदान महिन्याला 1500 रुपये आहे. लॅक्टुलोज आणि एका फेरीच्या तिकिटाला तेवढे उपयोगी पडतात. घरातला कमावता माणूस गेला असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदा 20,000 रुपये मिळतात, त्याचा अर्ज बऱ्याच बायकांना कोणी सांगतच नाही.

आशाताई_वणी

ताई, पांढरं कार्ड असलेला शेतकरी फुले योजनेत येते का? आमच्याकडं दोघं विचारून राहिले.

नदीकाठ (वर्धा)

हो, आता पांढऱ्या कार्डालाही आहे. आधार आणि रेशनकार्ड घेऊन या, दोन्हींवरचं नाव जुळत नसेल तर भरतीची वाट न पाहता आधीच दुरुस्त करून घ्या, रात्री तीनला रक्ताची उलटी झाल्यावर ते होत नाही. रुग्णालयात योजनेचे आरोग्यमित्र बसतात, त्यांना भेटायचं. अडलं तर 155388 वर फोन करा.

कोरडवाहू (यवतमाळ)

आमच्या शेजारच्या दोन गावांत लिव्हरचे आणखी पेशंट आहेत. आशाताईंसारख्या आमच्या आशाले विचारून तिघांची तारीख एकाच दिवशी मागतो. एक गाडी केली का एकच सोबती तिघांले पुरते, बाकी घरचे कामावर जाऊ शकतात. दवाखाना तसं देईल का?

नदीकाठ (वर्धा)

मागून पाहा, बऱ्याच ठिकाणी देतात. तिघांचे जुने डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचे रिपोर्ट एका पिशवीत घेऊन समाजसेवा विभागात आधी जा, तिथून ओपीडीला सांगता येतं. सोनोग्राफी त्याच दिवशी हवी असेल तर पेशंटला उपाशीपोटी आणावं लागतं. म्हणून पहाटेची गाडी धरा, रात्री झोपताना थोडं खायला द्या आणि तपासणी झाली की लगेच खाता येईल असा डबा सोबत ठेवा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.